विदर्भाच्या वावरातील जुनी नाणी : जागा, परवानगी आणि मेटल डिटेक्टरची निवड

जुन्या नाण्यांचा नाद लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘मशीन कोणती घेऊ?’ हा असतो. विदर्भाच्या ग्रामीण भागात हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. जमीन कोणाची आणि ती कोणत्या कायद्याखाली येते, हा पहिला. त्या जमिनीवर पैसा हाताळणारी माणसे कधी काळी थांबत होती काय, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे हाती नसताना घेतलेली महागडी मशीन वर्षभर वावरातून गुटख्याच्या पुड्या आणि खिळे वेचत राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे मालकाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावते. म्हणून मशीनबद्दल पुढे सविस्तर लिहिले असले, तरी सुरुवात कायद्यापासून करणे भाग आहे.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली की ज्याला ती सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे आणि कोणत्या तारखेला, हे त्या पत्रात असावे लागते आणि वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावी लागते किंवा मागणी होताच हजर करण्याची हमी द्यावी लागते. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ सालची आहे. आज एकटा राणीछाप रुपयासुद्धा ती सहज ओलांडतो. सूचना दिली नाही, तर सापडलेल्या मालातील आपला वाटा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जमीनमालकाने लपवालपवीत साथ दिली, तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. उलट रीतसर कळवल्यावर निधी बेवारस ठरला आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात आधी कोणताही करार झालेला नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा असतो. शासनाला निधी स्वतःकडे ठेवायचा असेल, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन ते तो घेऊ शकते. जुना असला तरी हा कायदा शोधणाऱ्याच्या विरोधात नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि म्हणून सापडलेला माल रातोरात सराफाच्या मुशीत जातो.

दुसरा कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकांविषयीचा. केंद्राने संरक्षित केलेल्या स्थळावर परवान्यावाचून खोदणे गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र मानले जाते. हे क्षेत्र प्रामुख्याने बांधकाम आणि खाणकाम यांच्यासाठी आखलेले असले, तरी छंदिष्टाने ही सगळी ३०० मीटरची जागा आपल्या नकाशावरून पुसून टाकावी, हे बरे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. विदर्भात ही अट कागदापुरती नाही, कारण येथे अशी स्थळे पावलोपावली आहेत. पवनी, कौंडिण्यपूर, अडम, मनसर, नगरधन ही नावे सर्वपरिचित आहेत. नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, नैकुंड येथे दगडांची वर्तुळे आहेत, जी लोहयुगातील दफनस्थळे आहेत. वावरात मोठाले दगड गोलाकार मांडलेले दिसले, तर तेथे मशीन चालू करू नये, मग ती जागा संरक्षित असल्याचा फलक असो वा नसो. वनजमीन, व्याघ्र प्रकल्पाचा परिसर, रेल्वेची हद्द आणि देवस्थानाची जमीन यांनाही हेच लागू आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या आणि लष्करी चाचणी क्षेत्रांच्या आसपास तर धातू शोधत फिरणे म्हणजे मरणाला आवतण आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मशीन घेऊन फिरणाऱ्याकडे पोलीस आणि गावकरी दोघेही एकाच नजरेने पाहतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

राहते ती खाजगी शेतजमीन. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याची लेखी संमती घ्यावी. ठोक्याने किंवा बटईने जमीन कसणाऱ्याचा होकार पुरेसा नाही, मात्र तोही हवा. संमतीच्या कागदात गट क्रमांक, तारखा, खड्डा वीतभरापेक्षा खोल जाणार नाही याची हमी आणि काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवले जाईल, हे वाक्य असावे. त्याची एक प्रत पोलीस पाटलांना द्यावी आणि तलाठ्याच्या कानावर घालावी. ही खबरदारी जास्तीची वाटेल. पण विदर्भात ‘गुप्तधन’ हा शब्द हलका नाही. पायाळू माणूस, मध्यरात्रीची पूजा, हंड्यावरचा राखणदार आणि त्यासाठी दिलेले बळी यांच्या बातम्या या भागाने वाचलेल्या आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख त्यामुळेच आहे. वावरात कानाला हेडफोन लावून जमीन चाचपणारा परका माणूस दिसला की धुऱ्यावरून पहिली हाक येते ती ‘हंडा सापडला काय भाऊ?’ अशीच. त्या हाकेला हसून उत्तर द्यावे, मशीन हातात देऊन दाखवावी, जमले तर विचारणाऱ्याच्याच हातून एखादा खिळा काढवावा. सूर्यास्तानंतर मात्र एक मिनिटही थांबू नये.

आता जागा. नाणे तेथेच पडते जेथे माणूस कंबरेची पिशवी सोडतो. आठवडी बाजाराची जुनी जागा, नदीचा उतार, बैलगाड्यांचा तळ, विहिरीजवळचे जुने आंब्याचे झाड, यात्रेचे मैदान, आणि ज्यावरून आता ट्रॅक्टरही जात नाही असा पांदण रस्ता, ही खरी ठिकाणे होत. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून जात असे. त्यांच्या तांड्यांचे मुक्काम पाण्याजवळच्या उंचवट्यावर असत आणि गावातील म्हाताऱ्यांना त्या जागांची नावे अजून ठाऊक आहेत. महसुली नकाशात ‘रिठ’ किंवा ‘रिठी’ म्हणून नोंदलेली उजाड गावे हाही असाच धागा आहे. येथे एक भेद लक्षात ठेवावा. उजाड गावाभोवतालच्या नांगरटीच्या शेतात फिरणे वेगळे आणि गावाच्या पांढरीवर किंवा गढीवर खोदणे वेगळे. पांढरीची राखट माती म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीचे थर असतात. ते थर विस्कटण्याचा अधिकार छंदिष्टाला नाही, आणि गावकरी घर सारवायला तेथून माती नेतात म्हणून तो मिळतही नाही.

मशीन घेण्यापूर्वी निदान एक हंगाम नुसत्या डोळ्यांनी फिरावे, असा माझा आग्रह आहे. विदर्भाच्या काळ्या मातीची एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, वर पडलेली वस्तू त्यांत घरंगळते, पावसात माती फुगून भेगा मिटतात आणि पुढच्या फुगण्या-आकसण्यात तीच वस्तू हळूहळू वरही येते. त्यामुळे या मातीत खोली आणि काळ यांचा सरळ संबंध उरत नाही. वखरणीनंतर भोसल्यांच्या काळातील पैसा आणि १९८० चे अॅल्युमिनियमचे दहा पैसे शेजारी शेजारी दिसू शकतात. पराटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून वावर वखरून झाल्यापासून पेरणीपर्यंतचा काळ यासाठी उत्तम, आणि त्यातही मृगाच्या पहिल्या सरींनंतरची सकाळ. ढेकळे विरघळलेली असतात, धूळ धुतली गेलेली असते आणि तिरप्या उन्हात तांब्याची हिरवी कड दोन पावलांवरूनही ओळखू येते. पेरणी झाली की मात्र वावरात पाय ठेवू नये.

काय सापडण्याची शक्यता आहे, याचा अंदाज असावा. सर्वाधिक येतात ते इंग्रजी अमदानीतील पैसे : १८३५ पासूनचे कंपनीचे पाव आणे, १८६२ पासूनचे व्हिक्टोरियाचे, १९०६ नंतरचे काशाचे आणि १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा. त्यात जवळपास ९२ टक्के चांदी होती, १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळच्या पट्ट्यात निजामाचा हाली सिक्का भेटू शकतो. अचलपूर ही वऱ्हाडच्या इमादशाही सल्तनतीची राजधानी, आणि मुघल काळात एलिचपूर या नावाने तेथे टांकसाळ होती. तेथील जाड, ओबडधोबड तांब्याचे तुकडे नवख्याला नाणे म्हणून ओळखूच येत नाहीत. शिवराईचेही तसेच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा मजकूर असला, तरी ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने हातात आलेल्या तुकड्यावर बहुधा ‘राजा’चा कान आणि ‘छत्र’चा अर्धा भाग एवढेच उरलेले असते. मधली दुहेरी आडवी रेघ स्पष्ट असेल, तर तिला दुदांडी म्हणतात.

मशीनची निवड

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात खोली लिहिलेली असते आणि विदर्भासाठी तोच सर्वांत निरुपयोगी आकडा आहे. पश्चिम आणि मध्य विदर्भाची काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे. त्या पाषाणात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात, म्हणजे येथे जमीन स्वतःच मशीनला उत्तर देते. पूर्वेकडे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत पाषाण बदलतो, पण तेथे मँगनीज, लोहखनिज आणि जुन्या लोहभट्ट्यांचा मळ आडवा येतो. वाळूत वीतभर खोलीचा पैसा सांगणारी मशीन आपल्या वावरात चार बोटांवर येऊन थांबू शकते. त्यामुळे पाहायची पहिली गोष्ट म्हणजे ग्राउंड बॅलन्स, अर्थात जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करण्याची सोय.

या कसोटीवर काही प्रचलित यंत्रे पाहू. गॅरेटची एस ३०० हलकी, टिकाऊ आणि शिकायला सोपी आहे, पण तिचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. काळ्या मातीत ती संवेदनशीलता कमी करूनच चालवावी लागते. नोक्टाची सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर चालते आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, वर-खाली हलवून तिचा तोल त्या त्या वावरापुरता साधता येतो. गॅरेटची एटी प्रो १५ किलोहर्ट्झची असून तिच्यातही ही सोय आहे. माइनलॅबच्या व्हँक्विश आणि इक्विनॉक्स मालिका एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरतात, त्यामुळे खनिजयुक्त जमिनीत त्या अधिक स्थिर राहतात. व्हँक्विशमध्ये तोल मशीन स्वतःच साधते, हाताने नाही. पहिलीच खरेदी असेल, तर हाताने ग्राउंड बॅलन्स करता येणारी एक वारंवारितेची मशीन किंवा साधी बहुवारंवारितेची मशीन, या दोहोंपैकी जी विक्रीनंतर दुरुस्त होईल ती घ्यावी, असे माझे मत आहे. पल्स इंडक्शन पद्धतीच्या मशीन खनिजांना दाद देत नाहीत हे खरे, परंतु लोखंड आणि तांबे यांतील फरक त्या नीट सांगत नाहीत. शंभर वर्षे बैलांच्या नाला आणि खिळे पडलेल्या वावरात ती शिक्षाच आहे.

कॉइल डबल-डी घडणीची असावी, कारण ती जमिनीचा अरुंद पट्टा वाचते आणि खनिजांचा त्रास तिला कमी होतो. मशीनबरोबर येणारी दहा-अकरा इंची कॉइल मोकळ्या वावरासाठी ठीक. जुन्या वस्तीच्या कचराभूमीत मात्र पाच-सहा इंची छोटी कॉइल एका खिळ्याशेजारचे नाणे वेगळे दाखवते. खड्ड्यात नाण्याची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा पिनपॉइंटर ही चैन नाही. काळ्या ढेकळात काळवंडलेले नाणे डोळ्यांना दिसत नाही आणि ढेकूळ फोडताना खुरप्याचा ओरखडा त्यावर उमटला, तर त्याची निम्मी किंमत गेली. हेडफोन घ्यावा, पण एका कानाचा. दुसऱ्या कानाला रानडुकराची चाहूल लागली पाहिजे. खोदायला घरचे खुरपे पुरते.

ज्यांना स्पर्शही करू नये अशा वस्तूही आहेत. ‘शंभर मीटरवरून सोने दाखवणारी’ दोन दांड्यांची यंत्रे म्हणजे तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या पानाड्याची बॅटरीवर चालणारी आवृत्ती. सिनेमागृहाच्या दारात अंगावरून फिरवतात ती दांडी स्वस्त मिळते, परंतु जमिनीतील नाण्यासाठी ती बनलेलीच नाही.

मशीन आल्यावर लगेच वावर गाठू नये. स्वतःच्या अंगणात एक तांब्याचा पैसा, एक चांदीची किंवा निकेलची मोड, एक खिळा, एक गुटख्याची पुडी आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी वेगवेगळ्या खोलीवर पुरावी आणि प्रत्येकीचा आवाज कानात बसेपर्यंत फिरावे. मशीनच्या पडद्यावर धातूनुसार आकडा दिसतो. तांबे आणि चांदी वरचे आकडे देतात. निकेलमिश्रित आणे खालचे आकडे देतात आणि नेमके तेथेच चंदेरी कागद आणि पट्ट्या बसलेल्या असतात. कचरा टाळण्यासाठी तो सगळा भाग मशीनमधून गाळून टाकला, की आणे आणि शिसे-कथील मिसळलेली प्राचीन नाणीही गाळली जातात. म्हणून सुरुवातीला फक्त लोखंड गाळावे, बाकीचे सारे ऐकावे. लोखंडही फसवते. वखराच्या पासेचा तुटका तुकडा किंवा नांगराचा फाळ मोठा आणि सपाट असल्याने चांदीसारखा गोड आवाज देतो. नाण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी फिरवला तरी सारखा, आखूड आणि एकाच जागी येतो. नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवल्यावर तो सरकला, फाटला किंवा कडेला घरघरला, तर बहुतेक लोखंड आहे. मोटारीच्या वाइंडिंगची जळकी तार मात्र तांब्यासारखीच वाजते, कारण ती तांबेच असते. तिला इलाज नाही.

कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर, जमिनीला समांतर आणि संथ फिरवावी. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. पराटीची खुंटे उभी असली तर कॉइल वर उचलावी लागते आणि खोली जाते, त्यामुळे रोटाव्हेटर फिरलेले वावर निवडावे. हेडफोनमध्ये सेकंदाला एक अशी ठराविक टकटक येऊ लागली, तर ती मशीनची बिघाडी समजू नये. शेजारच्या धुऱ्यावर डुकरांसाठी लावलेली झटका मशीन चालू आहे. तारेपासून लांब राहावे, कारण काही ठिकाणी तिला थेट वीज जोडलेली असते आणि तिने माणसे मेलेली आहेत. ११ केव्हीच्या तारांखाली आणि सौरपंपाच्या कंट्रोलरजवळही मशीन बरळते. तेथे संवेदनशीलता कमी करावी किंवा जागा सोडावी. खोदण्याआधी ठिबकची नळी आणि पंपाची केबल कोठून गेली आहे हे शेतकरी काकांना विचारून घ्यावे. खड्डा लगेच बुजवावा, निघालेले खिळे आणि काच तेथे न टाकता सोबत न्यावी. बैलाच्या खुरात खिळा रुतला नाही, तर पुढच्या वर्षी परवानगी मागावी लागत नाही.

थांबायचे केव्हा, हे खोदण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. एका नाण्याजवळ वीतभर अंतरात दुसरे वाजले, किंवा नाण्याबरोबर मडक्याचा काठ, राख, मणी, विटेचा कोपरा दिसला, की हात काढून घ्यावा, फोटो काढावा, ठिकाणाचे निर्देशांक नोंदवावे, माती पुन्हा लोटावी आणि मालकाला घेऊन तहसील गाठावे. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा पुराणांच्या वंशावळीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांच्यासारखे राजे पुढे आले. ती नाणी चांदी-सोन्याची नव्हती. तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची होती, आणि भंगारात गेली असती तर कोणाच्या घरी फारसे काही आले नसते. ती एकत्र राहिली म्हणूनच बोलली.

सापडलेले नाणे चिंच, लिंबू, राखुंडी किंवा भांडी घासायच्या पावडरीने कधीही घासू नये. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तोच त्याचे रक्षण करतो आणि संग्राहक पैसे देतात ते त्याच थराचे. ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस बुडवून, पाणी बदलत, चिकटलेली माती मऊ झाली की बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने अलगद सोडवावी. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उमलत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणे इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी चिकट हिरवी होतात, म्हणून कागदी चौकटीची पाकिटे आणि सिलिका जेलची पुडी वापरावी. प्रत्येक पाकिटावर गट क्रमांक, तारीख, खोली, वजन आणि व्यास लिहावा. ठिकाण न लिहिलेले नाणे केवळ धातूचा तुकडा म्हणून विकले जाते.

ओळख पटवण्यासाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, म्हणजे १८६३ पासूनच्या अजब बंगल्याची, तसेच नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाची मदत मागता येते. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे. विक्रीचा विचार असेल, तर शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, त्याची देशाबाहेर निर्यात करता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, हे आधी समजून घ्यावे. ‘राम दरबार’ किंवा हनुमान असलेले, ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असे लिहिलेले पैसे कोणी लाखांना मागत असेल, तर कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नव्हते एवढे त्याला सांगावे. जुन्या नाण्याला मोठी रक्कम देतो म्हणून आधी नोंदणीशुल्क किंवा कर भरायला लावणाऱ्या फोनबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. बँक अशा व्यवहारात नसते आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.